सुलतानीतली पेरणी

श्रोतेहो, भाईंदर स्टेशनवर पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले, की मुर्धे, राई, मोर्वे अशी गावे एकामागून एक येतात. कुठे मिठागराचे चौकोन दिसतात, कुठे जुन्या भातखाचरांचे बांध. इमारतींची गर्दी वाढली, तरी ही जमीन मुळात आगरांची आणि खाचरांची, हे नजरेला अजून कळते. पुढे डोंगरी ओलांडून चौक गावाच्या अंगाला गेले, की खाडीच्या तोंडावर एक टेकडी आहे. तिचे नाव धारावी. मुंबईतली धारावी वेगळी, ही वेगळी, बरं का. या टेकडीवर उभे राहिले, की पाण्यापलीकडे वसईचा किल्ला दिसतो.

वसईच्या मोहिमेत या टेकडीसाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात झुंज झाली. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई शरण आली. चिमाजी अप्पा, सुरुंग, तोफा, तटावर चढलेली माणसे, हे सारे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. ते शिकवावेच. पण गुरुजी, एक प्रश्न आपण मुलांना विचारत नाही. या दोन वर्षांमध्ये दोन पावसाळे येऊन गेले. त्या दोन पावसाळ्यांत इथल्या खाचरांत लावणी कोणी केली? राब कोणी भाजला? खाडीच्या बांधाला भगदाड पडले असेल, तर ते बुजवायला कोण गेले असेल?

बांधाचे एवढे काय, असे देशावरचा शेतकरी म्हणेल. म्हणून सांगतो. खाडीकाठची खारजमीन ही बांधाच्या जिवावर पिकते. बांध शाबूत असला, तर पावसाचे गोडे पाणी खाचरात राहते आणि भात येते. बांध फुटला, की भरतीचे खारे पाणी आत शिरते. एका भरतीने आत आणलेले मीठ धुऊन काढायला पुढचे कितीतरी पाऊस लागतात. म्हणजे लढाई शेतावर झालीच पाहिजे असे नाही. लढाईच्या भीतीने गडी चार दिवस बांधावर गेला नाही, एवढ्यानेही शेत जाऊ शकते. तोफेचा आवाज एका दिवसात थांबतो. शेताचा घाव मात्र पुष्कळ वर्षे ओला राहतो.

आज मला आपल्याशी याच गोष्टीविषयी बोलायचे आहे. लढाई आणि भूक यांचे नाते काय, आणि लढाईच्या मुलखात शेतकऱ्याला पेरता ठेवायचे तर काय करावे लागते?

आपल्याकडे दुष्काळ म्हटले, की माणूस आधी आभाळाकडे बघतो. मृग कोरडा गेला, हस्त पडला नाही, म्हणून दुष्काळ. पाऊस अति झाला, तर त्याला आपण ओला दुष्काळ म्हणतो. पण आपल्या पूर्वजांनी आणखी एक शब्द घडवून ठेवला आहे. संकटे दोन, असे ते म्हणत. एक अस्मानी आणि दुसरे सुलतानी. अस्मानी आभाळातून येते, सुलतानी माणसाकडून. राजाचा जुलूम, फौजेची लूट, परचक्र, हे सगळे सुलतानीत आले. हा शब्द नुसता अलंकार नव्हता. ज्यांनी पिके जळताना पाहिली, त्या माणसांचा तो अनुभव होता.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. त्याच वेळी दख्खनवर आणि गुजरातवर जो दुष्काळ कोसळला, तो १६३२ पर्यंत हटला नाही. पाऊस तर गेलाच होता, पण शाहजहानच्या फौजाही तेव्हा दख्खनमध्ये उतरल्या होत्या. एवढ्या फौजेला, तिच्या घोड्यांना आणि हत्तींना दाणावैरण लागत होती. जे थोडे पिकले होते, तेही त्यांच्या वाटेत आले. पुणे तर त्या सुमारास आदिलशाही फौजेने उद्ध्वस्तच करून टाकले होते. महाराजांनी बालपणी जे पुणे पाहिले, ते असे उजाड होते. पुढे शेतसाऱ्यात सवलत देऊन, लोकांना धीर देऊन तो मुलूख पुन्हा वसवावा लागला.

पावणेदोनशे वर्षांनी हेच पुन्हा घडले. १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ यशवंतराव होळकर आणि शिंदे-पेशवे यांची लढाई झाली. त्यानंतर फौजा आणि पेंढारी या मुलखातून फिरले. उभी पिके चारली गेली, पेवे उकरली गेली. पेव म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. धान्य राखायला जमिनीत खणलेले ते भुयारासारखे कोठार. वरून माती सारवली, की कुठे आहे ते परक्याला कळत नसे. पण लुटणारे शोधून काढत. अशात १८०३ चा परतीचा पाऊस गेला. एरवी असा एक पाऊस गेला, तर कुणबी पेवातल्या दाण्यावर वर्ष काढतो. या खेपेला पेव रिकामे होते, बैल गेले होते, बी उरले नव्हते. १८०३-०४ चा तो दुष्काळ दख्खनच्या कपाळी आला. लोक घाट उतरून कोकणात आणि मुंबईकडे आले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि मंडळी, इथे आपण प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुलतानी नेहमी परक्यांचीच असते असे नाही. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालवर स्वाऱ्या करत होते. तिथल्या शेतकऱ्याला त्यांची एवढी दहशत बसली, की ‘बर्गी’ हा शब्द बंगाली आयांच्या अंगाईत जाऊन बसला. आपला बारगीर तो त्यांचा बर्गी. आपल्या मुलखात जे दुःख आपण भोगले, तेच दुसऱ्याच्या मुलखात आपल्या घोड्यांच्या टापांनी दिले. शेतकऱ्याला झेंड्याचा रंग दिसत नाही, त्याला तुडवलेले शेत दिसते.

आता लढाईमुळे भूक नेमकी कशी येते, ते पाहू. ती चार वाटांनी येते.

पहिली वाट माणसाची. गावकरी जीव मुठीत घेऊन पळतात. पेरणीचे दिवस निघून जातात. वाफसा कोणासाठी थांबत नाही. आठ-पंधरा दिवस चुकले, की वर्ष चुकले.

दुसरी वाट बी-बैलाची. बैल ओढून नेले जातात किंवा पोटासाठी विकले जातात. बियाणे लुटले जाते, नाहीतर घरातलीच उपाशी माणसे ते खातात. त्यांना दोष कसा द्यायचा?

तिसरी वाट रस्त्याची. एका गावात धान्य सडते आणि दहा कोसांवर माणसे उपाशी मरतात, कारण मध्ये चौकी आहे, पूल उडाला आहे, बंदर बंद आहे.

चौथी वाट मजुरीची, आणि ही सर्वांत फसवी. बाजारात धान्य दिसते, पण मजुराच्या हाताला काम नाही आणि भाव दुप्पट-तिप्पट झालेले. धान्य समोर असून तो उपाशी राहतो.

ही चौथी वाट समजायला बंगालकडे बघावे. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानात यायचा बंद झाला. त्याची झळ आपल्या कोकणालाही लागली, कारण रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत वर्षाचे भात पुरत नसे आणि रंगूनचा तांदूळ बोटीने येत असे. माझी आजी त्या दिवसांच्या गोष्टी सांगे. पानात भाताऐवजी काय आले, त्याच्या गोष्टी. मुंबई शहरात १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले, आणि तिथे निदान मापून का होईना, पण दाणा मिळाला. बंगालमध्ये तशी सोय वेळेवर झाली नाही. उलट जपानी किनाऱ्यावर उतरतील या धास्तीने सरकारने किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतून तांदूळ हलवला आणि होड्या काढून घेतल्या किंवा नष्ट केल्या. होडी गेली म्हणजे कोळ्याचा धंदा गेला, आणि नदीपलीकडच्या शेताची वाटही गेली. भाव आभाळाला भिडले. वीस ते तीस लाख माणसे भुकेने आणि मागोमाग आलेल्या रोगांनी मेली. बंगालच्या भातशेतांवर मोठी लढाई झालीच नव्हती! पुढे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की त्या वर्षी बंगालमध्ये धान्य अगदीच नव्हते असे नाही. ते विकत घेण्याची ताकद भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांच्यापाशी उरली नव्हती.

रोग कळला. आता औषधाकडे वळू. हे औषध आपल्याच दप्तरात साडेतीनशे वर्षांपासून पडलेले आहे. शिवाजी महाराजांची दोन पत्रे यासाठी वाचण्यासारखी आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी ती मूळ वाचावीत. मी येथे त्यांचा आशय माझ्या शब्दांत सांगतो.

पहिले पत्र १६७४ च्या राज्याभिषेकाच्या थोडे आधीचे. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिले आहे. पावसाळा तोंडावर होता. महाराज सांगतात, की दाणावैरण जपून वापरा. आता उधळलीत, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या मागे लागाल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. कसेबसे जगून राहिलेले कुणबी मग गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि त्यांना वाटेल, मोगल आले ते परवडले, हे त्यांहून वाईट. तुम्हाला पैसे दिले आहेत, हवे ते बाजारातून विकत घ्या. रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नका.

हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, ते ध्यानात घ्या. शत्रूला नव्हे, स्वतःच्याच फौजेला. लढाईच्या मुलखात शेतकरी वाचवायचा, तर पहिली गोष्ट ही: आपल्या बंदूकवाल्याचा हात शेतकऱ्याच्या कणगीत जाता कामा नये. आणि हे नुसत्या उपदेशाने होत नाही. शिपायाला वेळेवर पगार मिळाला, तरच होते.

दुसरे पत्र ५ सप्टेंबर १६७६ चे. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ते लिहिले आहे. आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात लांजे तालुक्यात प्रभानवल्ली गाव आहे, तो हा मुलूख. यात महाराज सुभेदाराला कचेरीत बसू देत नाहीत. गावोगाव फीर, कुणबी गोळा कर, कोणाकडे किती माणूसबळ, किती बैल, किती दाणा आहे ते पाहा. ज्याच्यापाशी कष्टाला माणसे आहेत, पण बैल नाहीत, दाणा नाही, तो अडून बसला आहे. त्याला बैल घ्यायला रोख पैसे दे. पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य दे. त्याच्याने होईल तेवढे शेत त्याच्याकडून करव. दिलेले परत घेताना वाढीदिढी, म्हणजे व्याज, घेऊ नको. नुसती मुद्दल, तीही त्याला जसजशी ताकद येईल तसतशी. यात दोन लाख लारी खर्च झाल्या, तरी हरकत नाही. लारी हे त्या काळी कोकणात चालणारे चांदीचे नाणे. शिवाय जी मागची बाकी फिटण्यासारखीच नाही, ती सोडून देण्याची तजवीजही त्यात आहे.

शेतकरी बंधूंनो, या पत्रातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बैलासाठी पैसे दिले, एवढ्यावर पत्र थांबत नाही. पोटालाही धान्य द्यायला सांगते. का? याचे उत्तर घरच्या हिशेबात आहे. एक एकर ज्वारीला साधारण चार किलो बी लागते. पाच माणसांच्या घराला दिवसाला अडीच किलो दाणा धरा. म्हणजे ते चार किलो बी दळून खाल्ले, तर दोन दिवसही पुरत नाही. तेच पेरले आणि बेताच्या पावसात चार क्विंटल जरी झाले, तर घर पाच महिन्यांहून जास्त जेवते. हे अडाण्यालाही कळते. पण पोर रडत असते तेव्हा आई पाच महिन्यांचा हिशेब करू शकत नाही, ती बी जात्यात घालते. म्हणून बी द्यायचे, तर कापणीपर्यंतचा घासही त्याच्याबरोबर द्यावा लागतो. नुसते अन्न दिले, तर माणूस आज जगतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरतो. नुसते बी दिले, तर ते खाल्ले जाते. दोन्ही मिळून दिले, तरच तो आपल्या पायावर उभा राहतो.

हे सारे इतिहासजमा झाले, असे कृपा करून समजू नका. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालाप्रमाणे, २०२४ साली जगातल्या ५३ देशांत आणि प्रदेशांत २९ कोटी ५० लाखांहून अधिक माणसे तीव्र अन्नटंचाईत होती. त्यांपैकी सुमारे १४ कोटी माणसे अशा २० ठिकाणची, जिथे टंचाईचे मुख्य कारण लढाई-दंगल हे होते. म्हणजे जवळजवळ निम्मी भूक सुलतानी!

सुदानचेच उदाहरण घ्या. हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. तिथले लोक आपल्यासारखीच ज्वारी खातात. ज्वारीचे पीठ आंबवून त्याची पातळ पोळी तव्यावर घालतात, तिला ते किसरा म्हणतात. आपल्या आंबोळीची बहीणच म्हणा ना. त्यांची पावसाळी पेरणीही साधारण जून-जुलैत होते. नाईलच्या दोन फाट्यांमध्ये गेझिरा नावाचा मोठा पाटपाण्याचा मुलूख आहे. सेन्नारच्या धरणामुळे १९२५ पासून तिथे कालवे वाहू लागले. १५ एप्रिल २०२३ ला त्या देशात सेना आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली. डिसेंबर २०२३ मध्ये ती गेझिरात शिरली. शेतकरी पळाले, कोठारे लुटली गेली, कालवे दुरुस्तीवाचून पडले. पश्चिमेकडे दारफूर प्रांतात झमझम नावाची निर्वासितांची छावणी होती. तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये तज्ज्ञांनी अधिकृतपणे दुष्काळ घोषित केला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर आणि त्याच्या परिसरातही अशीच घोषणा झाली. दोन्हीकडे दोष आभाळाचा नव्हता.

सुदानात पहिल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने एक शहाणपणाचे काम केले. लढाई चालू असतानाच तिने पेरणीच्या सुमाराला ज्वारी, बाजरी आणि भेंडी यांचे बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोचवले. लढाई मिटू दे, मग शेतीचे बघू, असे म्हटले असते, तर ते वरातीमागून घोडे झाले असते. लढाई मिटायची वाट बघायला पोट तयार नसते, आणि पाऊसही तयार नसतो. अर्थात सगळ्यांपर्यंत बी पोचले नाही. जिथे रस्ते बंद होते, तिथे ते अडले. पण ज्या शेतात ते पडले, तिथे बाहेरून आणाव्या लागणाऱ्या धान्याचे एवढे तरी ओझे कमी झाले.

बियाण्यावरून सीरियाची गोष्ट आठवली. अलेप्पो शहराजवळ कोरडवाहू शेतीची एक मोठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७७ पासून होती. गहू, सातू, मसूर, हरभरा यांच्या हजारो जुन्या वाणांचे बी तिथल्या थंड कोठारात राखलेले होते. घरधणीण जशी उत्तम कणसे निवडून बियाण्यासाठी टांगून ठेवते, तसेच हे, फक्त मोठ्या मापाने. लढाई अलेप्पोपर्यंत आली आणि तिथले काम अशक्य झाले. पण त्या शास्त्रज्ञांनी दूरदृष्टीने बियाण्यांच्या जोड प्रती नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटावर ठेवल्या होत्या. तिथे २००८ मध्ये डोंगराच्या पोटात जगाचे बियाणे-कोठार उघडले आहे. २०१५ मध्ये त्यांनी तिथून आपले बी परत मागितले. त्या कोठारातून बी बाहेर काढण्याची जगातली ती पहिलीच वेळ. ते लेबनॉन आणि मोरोक्को येथे पेरले, वाढवले, आणि २०१७ मध्ये नव्या बियाण्याच्या प्रती पुन्हा स्वालबार्डला नेऊन ठेवल्या. घेतलेले बी फेडले, असा हा व्यवहार!

दूरची लढाई आपल्या चुलीपर्यंत कशी येते, हेही आपण अलीकडे अनुभवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. काळ्या समुद्रातली बंदरे बंद पडली. आपल्या देशात सूर्यफुलाचे तेल मुख्यतः त्याच भागातून येत असे. वाण्याच्या दुकानात तेलाचा डबा महागला, तो यामुळे. जुलै २०२२ मध्ये करार होऊन जहाजांना वाट मिळाली आणि वर्षभरात सव्वातीन कोटी टनांहून अधिक धान्य त्या वाटेने बाहेर पडले. जुलै २०२३ मध्ये तो करार संपला. तिथल्या कित्येक शेतांत आता सुरुंग पेरलेले आहेत. शेतकऱ्याला नांगराआधी सुरुंग शोधणारा माणूस बोलवावा लागतो.

जगाने याविषयी कायदे केले नाहीत असे नाही. १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या मसुद्यात स्पष्ट म्हटले आहे, की उपासमार हे युद्धाचे हत्यार म्हणून वापरू नये, आणि पिके, गुरे, पाण्याची व्यवस्था यांचा त्यासाठी नाश करू नये. मे २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनेही ठराव करून लढाई आणि भूक यांचे नाते मान्य केले आणि उपासमारीच्या हत्याराचा निषेध केला. २०२० चा शांततेचा नोबेल पुरस्कार जागतिक अन्न कार्यक्रमाला मिळाला, तोही याच विचाराने. पण चिपळूणच्या छावणीला पत्र लिहिणाऱ्यापाशी शिपायाला जाब विचारण्याची ताकद होती. आजच्या ठरावांमागे तेवढी ताकद क्वचितच उभी राहते. कागद आहे, जरब नाही, हे आजचे दुखणे आहे.

मग उपाय काय? चार वाटांना चार बांध घालावे लागतात. एक, शेतकऱ्याला पेरणीपुरते तरी निर्भय करणे, मग तो तह असो, कौल असो की पहारा. दोन, बी, औत आणि कापणीपर्यंतचे अन्न एकत्र देणे, आणि तेही वाफशाच्या आधी. तीन, धान्याची वाट उघडी ठेवणे. चार, मजुराच्या हातात पैसा देणे. जवळच्या बाजारात बी किंवा धान्य मिळत असेल, तर परदेशातून पोती आणण्यापेक्षा शेतकऱ्याला रोख रक्कम किंवा चिठ्ठी द्यावी आणि त्याने आपल्या ओळखीचे वाण घ्यावे, हे आता मदत करणाऱ्या संस्थांनाही पटले आहे. बाहेरचे फुकट धान्य सुगीच्या दिवसांत बाजारात ओतले, तर स्थानिक शेतकऱ्याच्या मालाचा भाव पडतो, आणि मदतच त्याच्या मुळावर येते. रामाजी अनंतांना बैलासाठी पैसेच द्यायला सांगितले होते, हे येथे आठवावे.

कोणी म्हणेल, हे राजेरजवाड्यांचे आणि मोठ्या संस्थांचे काम, त्यात आमचा काय संबंध? संबंध आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या मडक्यांत गावठी वाण जपले आणि त्याची बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावात असे बी असले, तर अस्मानी असो की सुलतानी, पहिली पेरणी गावाच्या हातात राहते. आणि शिक्षकांना विनंती अशी, की लढाईची बातमी आली, सन-सनावळ्यांचा धडा आला, की मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: त्या वर्षी तिथे पेरणी झाली का? या एका प्रश्नाने इतिहासाकडे आणि वर्तमानपत्राकडे बघण्याची नजर बदलते.

धारावीच्या टेकडीवर आता गडाच्या भिंतीचे अवशेष तेवढे उरले आहेत. कोणाचा तट कोणी पाडला, ते सांगणारी बखर आहे, कागद आहेत. खालच्या खाचरांची बखर मात्र कोणी लिहिली नाही. तरी लढाई सरल्यावर कोणीतरी बांधावर माती टाकली असेल, कोणीतरी लपवून ठेवलेले मडके काढून राबात बी फेकले असेल. तसे केले नसते, तर ही गावे आज नकाशावर राहिली नसती. सुदानात, सीरियात, युक्रेनमध्ये आज असेच कोणीतरी एक मडके जपून बसले आहे. त्याला पाऊस पडायच्या आत हात द्यायचा की पाऊस गेल्यावर पोते पाठवायचे, एवढाच जगापुढे प्रश्न आहे.